पेशीच्या पोटातलं प्रथिन फ्लोवर दिसतच नाही, कुठे चुकतंय?

पिपेटवाली | ३ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इथे प्रयोगशाळेत काम करणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून हक्काने विचारते.

मी कळव्याला राहते. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काम करतेय. एका वनस्पतीतून काढलेला रेणू स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारतो का, आणि मारत असेल तर कुठल्या वाटेने, हे बघायचं काम माझ्याकडे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मरताना स्पष्ट दिसतात. आधी फ्लास्कच्या तळाला छान पसरून चिकटलेल्या असतात. औषध घातलं की २४ तासांत आक्रसतात, गोल होतात, अंगावर बुडबुडे आल्यासारख्या दिसतात आणि सुटून तरंगायला लागतात. अपॉप्टोसिसचं, म्हणजे पेशीच्या ठरवून मरण्याचं, अगदी पुस्तकातलं चित्र.

हे सिद्ध करायला मी कापलेलं कॅस्पेस-३ शोधतेय. पेशी मरायला निघाली की हे एन्झाइम कापलं जाऊन जागं होतं. माझी अँटीबॉडी फक्त कापलेल्या तुकड्यालाच चिकटते, अखंड प्रथिनाला नाही. तिला अ‍ॅलेक्सा ४८८ हा चमकणारा रंग आधीच जोडलेला आहे, त्यामुळे दुसरी अँटीबॉडी लागत नाही.

पद्धत अशी: ट्रिप्सिनने पेशी सोडवते, पीबीएसने (खारट बफरने) धुते, ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं, मग बर्फावर थंडगार ९० टक्के मेथॅनॉलमध्ये अर्धा तास, दोनदा धुणं, एक तास अँटीबॉडी, पुन्हा धुणं. आमच्याकडे फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र, नाही. दुसऱ्या एका संस्थेत तासाच्या भाड्याने वेळ मिळते, तिथे थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर नळ्या घेऊन जाते.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा चमकेच्या आलेखावर अँटीबॉडी लावलेल्या पेशींचा डोंगर न लावलेल्यांच्या डोंगरावर तंतोतंत बसला. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींत काडीचाही फरक नाही. त्याच पेशींना हमखास मारणारं स्टॉरोस्पोरिन देऊन पॉझिटिव्ह कंट्रोल (जिथे सिग्नल यायलाच हवा असा नमुना) केला, तोही रिकामा.

सर म्हणतात अँटीबॉडी खराब असेल, नवी मागवू. पण एका कुपीला आमचं महिन्याचं बजेट जातं. त्याआधी तुमचं मत हवंय.

---

निळा_लेझर | ३ जून, रात्री ११:२५

पिपेटवाली, मांडणी छान केलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. पेशी स्थिर केल्यावर सेंट्रिफ्यूजचा वेग वाढवता का? ३०० जी-ला ताज्या पेशी खाली बसतात, पण मेथॅनॉलमधून निघालेल्या हलक्या झालेल्या असतात, त्या ५०० ते ६०० जी-शिवाय नीट बसत नाहीत. पेलेट (तळाला बसलेला पेशींचा गोळा) दिसतही नाही, नळीच्या भिंतीवर पुसटसा धुरकट थर असतो. सुपरनॅटंट (वरचा द्रव) ओतताना निम्म्या पेशी जातात.

---

पिपेटवाली | ३ जून, रात्री ११:३८

वेग वाढवते दादा. यंत्रावर १०,००० पेशी आरामात मोजून होतात. पेशी कमी पडत नाहीत, सिग्नल पडत नाही.

---

तलावपाळी | ४ जून, सकाळी ७:१०

मी निवृत्त बँकवाला, यातलं काही कळत नाही. पण धागा वाचून कुतूहल वाटलं. माझी नात रुईयाला जीवतंत्रज्ञान शिकते आणि जेवताना तिच्या तोंडी हाच 'फ्लो' असतो. साध्या मराठीत कोणी सांगेल का, हे यंत्र करतं काय?

---

निळा_लेझर | ४ जून, सकाळी ९:०५

काका, ऐरोलीचा टोलनाका डोळ्यांसमोर आणा. चार लेनमधल्या गाड्या नाक्याशी आल्या की एकेका बूथपुढून एकेकच जाते. यंत्रात तेच होतं. पेशी द्रवात सुट्या तरंगत असतात. त्यांच्या भोवतीने दुसऱ्या द्रवाचा वेगवान प्रवाह सोडतात, त्या दाबाने मधला प्रवाह इतका बारीक होतो की पेशी एकामागून एक ओळीत येतात. समोर लेझर असतो, बहुतेक ठिकाणी ४८८ नॅनोमीटरचा निळा. पेशी त्यापुढून गेली की प्रकाश विखुरतो. समोरच्या दिशेला किती विखुरला यावरून पेशीच्या आकाराचा अंदाज येतो, बाजूला किती गेला यावरून आतल्या दाणेदारपणाचा. सेकंदाला हजारो पेशींची अशी नोंद होते.

अँटीबॉडी म्हणजे गाडीच्या काचेवरचा फास्टॅग समजा. ठरावीक प्रथिनालाच चिकटते आणि तिच्या पाठीवर चमकणारा रंग असतो. लेझर पडला की रंग चमकतो, यंत्र ती चमक मोजतं.

पिपेटवालीताईंची अडचण अशी की त्यांना हवंय ते प्रथिन काचेवर नाही, डिकीत आहे. पेशीचं आवरण अँटीबॉडीला आत जाऊ देत नाही. म्हणून आधी सगळं जागच्या जागी घट्ट करायचं आणि मग आवरणाला भोकं पाडायची. पहिल्याला फिक्सेशन म्हणतात, दुसऱ्याला परमिएबिलायझेशन.

---

तलावपाळी | ४ जून, सकाळी ९:४०

वा! म्हणजे हजारो पेशींना गुमान एका रांगेत चालवता. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहाला हे यंत्र बसवाल का? :) पण घट्ट न करता नुसती भोकं पाडली तर?

---

सॅपोनिन_समर्थक | ४ जून, सकाळी १०:१५

काका, कच्च्या अंड्याला भोक पाडलं तर बलक वाहून जातो, उकडलेल्याला पाडलं तर जागेवर राहतो. फॉर्माल्डिहाइड पेशीतल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, तेच आमचं उकडणं.

आता मूळ प्रश्न. ताई, मेथॅनॉलच का? कॅस्पेस-३ पेशीद्रवात असतं. त्याला सॅपोनिन पुरतं, ०.१ टक्क्यापासून ०.५ टक्क्यापर्यंत. ते आवरणातल्या कोलेस्टेरॉलला धरतं आणि भोकं पाडतं, प्रथिनांचा आकार बिघडवत नाही. मेथॅनॉल पाणी खेचून घेतं आणि प्रथिनं पिळवटून टाकतं. अँटीबॉडीला ओळखायची जागाच उरत नसेल.

---

रात्रपाळी | ४ जून, सकाळी १०:५०

असहमत. उलट मेथॅनॉलने प्रथिनाची घडी सैल होते आणि झाकलेली जागा उघडी पडते. फॉस्फेट लागलेली प्रथिनं शोधायला आम्ही मेथॅनॉलच वापरतो, सॅपोनिनवर त्यातली निम्मी दिसत नाहीत. शिवाय मेथॅनॉलमधल्या पेशी उणे २० अंशांवर ठेवून आठवड्यानेही वापरता येतात. यंत्राची वेळ ज्यांच्या हातात नसते त्यांना याची किंमत कळते.

सॅपोनिनची भोकं तर परत बुजतात. प्रत्येक बफरमध्ये, अँटीबॉडीच्या मिश्रणातसुद्धा, ते घालावं लागतं. एकदा साध्या पीबीएसमध्ये धुतलं की दार बंद.

---

सॅपोनिन_समर्थक | ४ जून, सकाळी ११:३०

बुजतात हे खरं, पण तो दोष नाही, माहीत असायची गोष्ट आहे. पाच वर्षं टी पेशींमधले सायटोकाइन (पेशींनी एकमेकींना निरोप द्यायची प्रथिनं) बघतोय. ते तर पेशी बाहेर टाकून देते, म्हणून आधी ब्रेफेल्डिन ए देऊन पेशीचा माल पाठवायचा रस्ता चार-सहा तास अडवायचा, मग आत साठलेलं मोजायचं. हे सगळं सॅपोनिनवर, एकदाही अडलं नाही.

आणि मेथॅनॉलचं एक दुखणं तुम्ही सांगितलं नाही. पीई आणि एपीसी हे रंग मुळात शैवालातली प्रथिनं आहेत, मेथॅनॉल लागलं की संपले. पृष्ठभागावरचं प्रथिन पीईने रंगवून मग मेथॅनॉलमध्ये घातलं की हाती भोपळा.

---

कोपरखैरणेकर | ४ जून, दुपारी १:२०

अगदी हेच माझ्यासोबत एमएस्सीला झालं होतं. सीडी४ हे पृष्ठभागावरचं प्रथिन पीईने रंगवलं, नळ्या दिसायला गुलाबीसर छान. मेथॅनॉल घातलं, यंत्रावर लावलं तर पीईच्या खिडकीत शुकशुकाट. दोन महिने मी अँटीबॉडी देणाऱ्या कंपनीला ईमेल लिहीत होतो. शेवटी वरच्या वर्गातल्या एका ताईने नळी हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "रंग कधी लावलास, आधी की नंतर?"

---

पिपेटवाली | ४ जून, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. माझी अँटीबॉडी मेथॅनॉलच्या नंतर जाते आणि अ‍ॅलेक्सा ४८८ हा लहान रासायनिक रेणू आहे, प्रथिन नाही, त्यामुळे तो प्रश्न नसावा. तरी शनिवारी एक संच सॅपोनिनवर करून बघते, सगळ्या बफरमध्ये घालून.

---

वेस्टर्नवाला | ४ जून, रात्री १०:०२

एवढा खटाटोप कशाला? पेशी फोडा, जेलवर प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करा, अँटीबॉडीने हवं ते शोधा, म्हणजे वेस्टर्न करा. पट्टी दिसली तर आहे, नाही तर नाही. फ्लोवर सतराशे साठ गेट (कुठल्या पेशी मोजायच्या त्याच्या चौकटी) लावून माणूस हवं ते दाखवू शकतो.

---

निळा_लेझर | ४ जून, रात्री १०:४०

वेस्टर्न करायलाच हवा, पण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. वेस्टर्न म्हणजे सोसायटीचं एकूण वीजबिल, फ्लो म्हणजे प्रत्येक फ्लॅटचं मीटर. पट्टी फिकट आली तर सगळ्याच पेशींत थोडं थोडं आहे की दहातल्या एकीत भरपूर, हे वेस्टर्न सांगत नाही. औषधाच्या कामात हाच फरक महत्त्वाचा, कारण न मेलेल्या नऊ पेशीच पुढे त्रास देतात.

---

रक्तपेशी | ५ जून, सकाळी ६:३०

मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. संशोधनातलं सगळं कळतं असं नाही, पण पेशीच्या आतलं बघितल्याशिवाय आमचं एक काम अडतं, ते सांगावंसं वाटतं.

तीव्र रक्तकर्करोगाचा रुग्ण आला की पहिला प्रश्न असतो, या अपक्व पेशी कुठल्या घराण्यातल्या? मायलॉइड, बी की टी? उपचार त्यावर ठरतात. अशा कोवळ्या पेशींच्या पृष्ठभागावर ओळखीच्या खुणा बहुधा उमटलेल्याच नसतात. टी घराण्याची खूण सीडी३, ती पेशीच्या आत आधी तयार होते आणि पृष्ठभागावर नंतर येते. मायलोपेरॉक्सिडेज तर दाण्यांमध्येच असतं. म्हणून सीडी३, मायलोपेरॉक्सिडेज, सीडी७९ए आणि केंद्रकातलं टीडीटी, या चौघांसाठी पेशी उघडाव्या लागतात.

जांभळ्या झाकणाची नळी संध्याकाळी उशिरा येते, त्यात दोन मिलिलिटर रक्त. पृष्ठभागाच्या खुणा रंगवून होतात, पडद्यावर नुसता एक फिकट ढग असतो, कुठल्याच घराण्याचा म्हणता येत नाही. मग पेशी उघडून पुन्हा लावायचं. तासाभराने तोच ढग मायलोपेरॉक्सिडेजच्या अक्षावर उजवीकडे सरकलेला दिसला की मी तिथूनच वॉर्डात फोन लावते. बाहेर नातेवाईक बसलेले असतात. त्यामुळे हे तंत्र नीट शिकणाऱ्या प्रत्येक मुलीबद्दल मला मनापासून आदर आहे.

ताई, एकच सूचना. रक्तात आमच्याकडे कंट्रोल आपोआप असतो, त्याच नळीतल्या निरोगी टी पेशी सीडी३ला चमकल्याच पाहिजेत. तुमच्या नळीत असं "चमकलंच पाहिजे" असं काय आहे?

---

पिपेटवाली | ५ जून, सकाळी ८:४५

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद लोकलमध्ये उभ्याने दोनदा वाचला. माझ्या नळीत स्टॉरोस्पोरिन दिलेल्या पेशी आहेत, त्या चमकायला हव्यात. चमकत नाहीत म्हणूनच सगळ्यांना अँटीबॉडीचा संशय येतोय.

---

खाडीकाठ | ५ जून, सकाळी ११:१०

एक साधा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की मरणाऱ्या पेशी सुटून तरंगतात. ट्रिप्सिन घालण्याआधी जुनं माध्यम काढून टाकता ना? ते कुठे जातं?

---

पिपेटवाली | ५ जून, सकाळी ११:१४

टाकाऊ बाटलीत...

अरे देवा.

---

खाडीकाठ | ५ जून, दुपारी १२:०५

तेच. ज्या पेशींसाठी प्रयोग मांडला त्याच बाटलीत जातात आणि तळाला घट्ट बसलेल्या धडधाकट पेशी यंत्रावर. माध्यम आणि पीबीएसचं पहिलं धुणं दोन्ही एका नळीत साठवा, ट्रिप्सिनने सुटलेल्या पेशी त्यातच मिसळा, मग स्पिन करा. आमच्या गटात नवीन येणाऱ्याकडून पहिल्या आठवड्यात हे हटकून होतं. मी स्वतः सहा महिने केलंय.

दुसरं, गेट कुठे लावता? खालच्या डाव्या कोपऱ्यातला ढिगारा कचरा म्हणून कापून टाकायची सवय असते. पण मरणारी पेशी आक्रसते, तिचं समोरचं विखुरणं कमी होतं आणि बाजूचं वाढतं, म्हणजे ती डावीकडे, त्या कचऱ्याच्या बाजूलाच सरकते. गेट घट्ट लावलं की दुसऱ्यांदा गमावली.

---

रात्रपाळी | ५ जून, दुपारी १२:३०

खाडीकाठ यांना +१. गेट सैल ठेवा, पण जोडगोळ्या मात्र काढा. क्षेत्रफळ आणि उंची यांचा आलेख लावला की एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी कर्णरेषेपासून सुटून दिसतात. मेथॅनॉल एकदम ओतलं तर गठ्ठे होतात, नळी व्होर्टेक्सवर हलती ठेवून थेंब थेंब घालायचं. शेवटी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घ्या.

मृत पेशी ओळखायला प्रोपिडियम आयोडाइड वापरत असाल तर ते इथे चालणार नाही. भोकं पाडल्यावर सगळ्याच पेशी ते पितात. फिक्सेशनच्या आधी, प्रथिनांच्या अमाइन गटांना कायमचा जोडला जाणारा रंग लावा.

---

घणसोली_लोकल | ५ जून, दुपारी ३:१५

अवांतर: थर्मोकोलचा डबा घेऊन ट्रान्सहार्बरला सकाळी चढता कशा? मी पूर्वी असाच डबा न्यायचे. एका मावशींनी "मासे का गं?" विचारलं. पेशी म्हटल्यावर त्यांनी सरकून जागा दिली आणि वाशीपर्यंत त्यांच्या बहिणीच्या आजाराबद्दल विचारत होत्या. काही उत्तरं देता आली, काही नाही.

---

पिपेटवाली | ५ जून, दुपारी ४:००

घणसोली_लोकल, मी ठाण्याहून सुटणारी गाडी पकडते, डबा पायांमध्ये. रंग लावलेल्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळते, उजेडाने रंग फिका पडतो म्हणून. मलाही एकदा कुल्फी का विचारलं होतं. :)

खाडीकाठ, तुमचं ऋण कसं फेडू कळत नाही. रविवारपर्यंत पुन्हा लावते.

---

जुनी_वही | ६ जून, रात्री ९:५०

थोडा इतिहास, कारण या यंत्रामागची माणसं विसरली जाऊ नयेत असं वाटतं. पेशी बारीक छिद्रातून पाठवून विजेच्या अडथळ्यावरून मोजायची कल्पना वॉलेस कुल्टर यांची, पेटंट १९५३चं. १९६५मध्ये लॉस अलामॉसला मॅक फुलवायलर यांनी प्रवाहाचे थेंब करून, थेंबांना विद्युतभार देऊन पेशी वेगळ्या काढल्या. थेंबांची ती युक्ती शाईने छपाई करण्याच्या तंत्रातून आलेली! मग स्टॅनफर्डचे लिओनार्ड हर्झनबर्ग. सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या पेशी मोजून त्यांचे डोळे शिणायचे, म्हणून यंत्र हवं होतं. त्यांना २००६चा क्योटो पुरस्कार मिळाला.

आणि एकाच जागेला चिकटणाऱ्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवायची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५मध्ये शोधली, नोबेल १९८४मध्ये. ती नसती तर लेझरपुढून नुसत्या बिनरंगी पेशी गेल्या असत्या.

---

पिपेटवाली | ९ जून, रात्री ११:३०

अपडेट. माध्यमातल्या पेशी गोळा केल्या, गेट सैल ठेवलं, मेथॅनॉल आणि सॅपोनिन दोन्ही संच केले.

चांगली बातमी: आकाराच्या आलेखावर औषध दिलेल्या नळीत आता दोन वेगळे ढग दिसतात, एक नेहमीचा आणि एक आक्रसलेल्या पेशींचा. इतके दिवस हा दुसरा ढग मी बाटलीत ओतत होते.

वाईट बातमी: त्या ढगातही कॅस्पेसचा सिग्नल शून्य. मेथॅनॉलवर नाही, सॅपोनिनवर नाही. आयसोटाइप (तुलनेसाठीची, या प्रथिनाला न चिकटणारी अँटीबॉडी) आणि अँटीबॉडी यांच्या रेषा एकीवर एक काढल्यासारख्या. आज सरांनी नव्या कुपीची ऑर्डर टाकायला सांगितली. घरी येऊन जेवलेही नाही नीट.

---

अबोली | १० जून, सकाळी ७:२०

सगळा धागा आता वाचला. एक गोष्ट कुणी विचारलेलीच दिसत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी म्हणजे नेमक्या कुठल्या?

---

पिपेटवाली | १० जून, सकाळी ७:२६

एमसीएफ-७. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून आणल्यात, पॅसेज कमी आहे, मायकोप्लाझ्माची चाचणीही स्वच्छ आहे.

---

अबोली | १० जून, सकाळी ७:४०

ऑर्डर थांबवा ताई. तुमची अँटीबॉडी बहुतेक उत्तम आहे, मेथॅनॉलही आणि सॅपोनिनही.

एमसीएफ-७ पेशींमध्ये कॅस्पेस-३ नसतंच. त्यांच्या कॅस्पेस-३च्या जनुकात, तिसऱ्या एक्झॉनमध्ये, ४७ बेस-जोड्या गळलेल्या आहेत, त्यामुळे प्रथिन बनत नाही. १९९८पासून हे छापील माहीत आहे. तुम्ही घरात नसलेल्या माणसाला हाका मारत होता.

स्टॉरोस्पोरिनचा कंट्रोल त्याच पेशींवर केलात, म्हणून तोही रिकामा. रक्तपेशी डॉक्टरांनी नेमका हाच धागा पकडला होता, फक्त पेशीचं नाव पुढे आलं नव्हतं. जर्कट पेशी मिळवा. त्या टी पेशींच्या रक्तकर्करोगातल्या आहेत, तरंगत वाढतात, ट्रिप्सिन लागत नाही. एक मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन, तीन-चार तास. त्यात कापलेलं कॅस्पेस-३ भरपूर दिसतं. तिथे दिसलं तर तुमचा हात आणि अँटीबॉडी दोन्ही निर्दोष.

---

पिपेटवाली | १० जून, सकाळी ७:५२

हात थरथरतोय टाइप करताना. दोन महिने. कुणीच सांगितलं नाही, मीही शोधलं नाही. एमसीएफ-७ सगळेच वापरतात म्हणून डोक्यातच आलं नाही.

---

खाडीकाठ | १० जून, सकाळी ८:१५

अबोलीताई, दंडवत. मी सहा महिने बाटलीत पेशी ओतल्या आणि इथे येऊन बाटलीच शोधली. पेशीचं नाव विचारायला हवं होतं.

पिपेटवाली, मन खट्टू करू नका. तरंगत्या पेशी गोळा करायची दुरुस्ती पुढच्या प्रत्येक प्रयोगात लागणारच आहे.

---

वेस्टर्नवाला | १० जून, सकाळी ९:००

वेस्टर्न आधी केला असता तर अखंड कॅस्पेस-३चीही पट्टी आली नसती आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. हे टोमणा म्हणून नाही, खरंच सांगतोय. अखंड प्रथिनाची अँटीबॉडी आमच्याकडे आहे, महापेला येऊन घेऊन जा.

---

कोपरखैरणेकर | १० जून, सकाळी १०:३०

अशीच गत मित्राची हीला पेशींत झाली. पी५३ हे कर्करोग रोखणारं प्रथिन शोधत होता. हीलामध्ये एचपीव्ही-१८ विषाणूची जनुकं बसलेली आहेत, त्यांचं ई६ प्रथिन पी५३ला धरून नष्ट करायला पाठवतं. जनुक शाबूत, प्रथिन मात्र टिकत नाही.

---

जुनी_वही | १० जून, सकाळी ११:१५

एमसीएफ म्हणजे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन. १९७०मध्ये एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून या पेशी घेतल्या, १९७३मध्ये त्यांच्याबद्दल छापून आलं. पन्नास वर्षांहून जास्त काळ जगभरच्या फ्लास्कांत वाढताहेत.

---

तलावपाळी | १० जून, संध्याकाळी ६:४०

मी रोज सकाळी चहासोबत हा धागा उघडतो. आज नातीला फोन करून वाचून दाखवला. तिने विचारलं आणि मलाही प्रश्न पडला: मारणारं एन्झाइमच नाही, तर त्या पेशी मरतात कशा? ताईंना तर डोळ्यांनी मरताना दिसल्या.

---

अबोली | १० जून, रात्री ९:३०

काका, नातीला शाबासकी द्या. कॅस्पेस हे एकटं नाही, कुटुंब आहे. कॅस्पेस-३चं सख्खं भावंड कॅस्पेस-७ एमसीएफ-७मध्ये शाबूत आहे आणि बरंचसं काम ते उचलतं. पण सगळं नाही. अशा पेशींत डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे पडून जेलवर जी शिडी दिसते, ती दिसत नाही. तो तुकडे पाडणारा सुरा मोकळा करायला कॅस्पेस-३ लागतं.

पिपेटवालीताईंसाठी वाट यातूनच निघते. पार्प नावाचं केंद्रकातलं प्रथिन कॅस्पेस-७सुद्धा कापतं. ११६ किलोडाल्टन वजनाचं अखंड, कापल्यावर मोठा तुकडा ८९चा. फक्त कापलेल्या पार्पला चिकटणारी अँटीबॉडी मिळते, तुमची मेथॅनॉलची पद्धत तिला तशीच चालेल. केंद्रकात पोचायचं असल्याने इथे मी सॅपोनिनवर विसंबणार नाही.

---

सॅपोनिन_समर्थक | १० जून, रात्री १०:०५

केंद्रकासाठी मेथॅनॉल, मान्य. तेवढ्यापुरतंच. :)

---

पिपेटवाली | २६ जून, रात्री १०:२०

धागा वर काढते, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जर्कट पेशी एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतून मिळाल्या. पाऊस धो धो, गाड्या पाऊण तास उशिरा, फ्लास्क जर्किनच्या आत धरून आणला. चार तास स्टॉरोस्पोरिन, मग तीच जुनी कुपी, तीच जुनी पद्धत. यंत्रावर पहिली नळी लावली, न दिलेली: डावीकडे एक डोंगर. दुसरी लावली, आणि पडद्यावर उजवीकडे ठिपके पडायला लागले. आधी तुरळक, मग भराभर, मग दुसरा डोंगर उभा राहिला. शेजारी बसलेल्या ऑपरेटर दादांनी विचारलं, "काय झालं, रडताय का?"

त्याच दिवशी, त्याच अँटीबॉडीने एमसीएफ-७ पुन्हा लावल्या. सपाट. पण यावेळी त्या सपाट रेषेकडे बघून समाधान वाटलं, कारण आता ती काहीतरी सांगत होती.

वेस्टर्नवाला दादांकडून अँटीबॉडी आणली. जर्कटमध्ये ३५ किलोडाल्टनला ठळक पट्टी, एमसीएफ-७च्या रकान्यात कोरी जागा. सरांनी फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ बघितली आणि नवी ऑर्डर रद्द करून त्या पैशात पार्पची अँटीबॉडी मागवली.

परवा ती लावली. औषध दिलेल्या एमसीएफ-७मध्ये आक्रसलेल्या पेशींचा जो ढग आहे, त्यातल्या बऱ्याचशा पेशी पार्पला चमकतात. नेहमीच्या ढगातल्या मात्र चमकत नाहीत. निळा_लेझर दादांनी म्हटलेले फ्लॅटचे मीटर आता वेगवेगळे वाचता येतात.

---

रक्तपेशी | २७ जून, सकाळी ६:१५

पिपेटवाली, खूप आनंद झाला. तो दुसरा डोंगर उभा राहताना बघणं मला अजूनही तितकंच आवडतं. ढगातल्या ज्या पेशी पार्पला चमकत नाहीत, त्या वेगळ्या वाटेने मेल्या का, तेही बघा.

---

पिपेटवाली | २७ जून, सकाळी ८:५०

तोच प्रश्न रात्रभर डोक्यात आहे डॉक्टर. शनिवारी अ‍ॅनेक्सिन (मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटणारं प्रथिन) लावतेय, यावेळी फिक्स न करता, जिवंत पेशींवर. त्याला कॅल्शियम लागतं, म्हणून ट्रिप्सिनसोबतचं, कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए नीट धुवायला हवं ना? आणि पेशी सोडवताना ट्रिप्सिनऐवजी दुसरं काही सौम्य वापरू का?

---

खाडीकाठ | २७ जून, सकाळी ९:३०

ईडीटीए नीट धुवा, एकदा जास्तच. अ‍ॅक्युटेज वापरून बघा, आमच्याकडे एक बाटली उघडलेली आहे. आणि माध्यमातल्या पेशी!

---

पिपेटवाली | २७ जून, सकाळी ९:३४

टाकाऊ बाटलीवर लाल पेनने लिहून चिकटवलंय: "आधी विचार, मग ओत." बाटली घ्यायला उद्या येते, ऐरोलीला उतरू की रबाळ्याला?